लाइट टेबलाचं प्रकरण: एक खोका आणि दोन भाचरं

बहिणीचा फोन आला तो तक्रारीचाच. "दादा, तुझं ते लाइट टेबल मी पलंगाखाली ढकललंय. पोरगी रात्री साडेदहापर्यंत टक्क जागी असते आणि खेळून झालं की डोळे चोळत बसते."

टेबल देऊन तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते.

अडॅप्टर, सर्किट, वायरी यांत दिवसभर हात घालणं हा माझा धंदाच आहे. भाचरांसाठी एक उजेडाचा खोका करणं म्हणजे एका संध्याकाळचं काम, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्याला तीन आठवडे लागले, आणि त्यातले दोन आठवडे आधी घातलेलं काढून टाकण्यात गेले. झालेल्या चुका साध्या होत्या, पण सगळ्या एकाच कुशीवर कललेल्या: दर वेळी मी काहीतरी जास्तीचं घातलं होतं. म्हणून हे सगळं प्रकरण क्रमाने लिहून काढतोय.

भाची साडेतीन वर्षांची, भाचा सहाचा. बहिणीने कुठेतरी लाइट टेबल पाहिलं होतं. दुधी पृष्ठभाग, खालून उजेड, वर रंगीत तुकडे आणि त्याभोवती तल्लीन झालेली पोरं. तयार टेबलं एकतर फार मोठी होती, नाहीतर अगदीच खेळण्यातली. "तू करून दे ना," एवढंच ती म्हणाली.

लाइट टेबल मुळात मुलांसाठी निघालेलं नाही. आराखडे गिरवणारे, फोटोच्या निगेटिव्ह तपासणारे, एक्स-रे बघणारे अशा मोठ्या माणसांचं ते साधन. बालशिक्षणात त्याचं नाव झालं ते उत्तर इटलीतल्या रेज्जो एमिलिया या शहराच्या बालशाळांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे पालकांनी उभ्या केलेल्या शाळांना लोरिस मालागुत्सी (१९२०–१९९४) या शिक्षकाने आकार दिला. नगरपालिकेची पहिली बालशाळा १९६३ मध्ये सुरू झाली. उजेड आणि सावली हे मातीसारखं हाताळण्याचं साहित्य आहे, ही दृष्टी त्या शाळांनी रुजवली. हे मला आधी ठाऊक असतं तर मी अर्ध्याच चुका केल्या असत्या, कारण माझ्या डोक्यात उजेड म्हणजे फक्त वॉट.

पहिला खोका

कपडे ठेवायचा प्लास्टिकचा दुधी खोका घेतला. लांबी ६० सेंटीमीटर, रुंदी ४०, उंची १८. एलईडी पट्टीचं ५ मीटरचं अख्खं भेंडोळं घरात पडलेलं होतं, ते खोक्याच्या तळाला नागमोडी चिकटवलं. पट्टी १२ व्होल्टची, मीटरला ६० दिवे, मीटरमागे १४.४ वॉट. म्हणजे सगळी मिळून ७२ वॉट, आणि १२ व्होल्टला ६ अँपिअर. हे गणित मी गिऱ्हाइकांना रोज समजावून सांगतो. स्वतःच्या वेळी मात्र हाताला लागला तो २ अँपिअरचा अडॅप्टर जोडून मोकळा झालो.

दिवे लागले आणि लगेच लुकलुकायला लागले. ताकदीबाहेर ओझं पडलं की असा अडॅप्टर स्वतःला वाचवायला बंद होतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद होतो. मोठ्या माणसाला ती कटकट वाटते. लहान मुलांच्या खेळात मात्र लुकलुकणारा दिवा चालवूनच घेऊ नये. ज्यांना उजेडाच्या उघडझापीने फेफरं येतं त्यांना सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप सहसा सगळ्यात जाचक असते, आणि साडेतीन वर्षांच्या पोरीत ती प्रवृत्ती आहे की नाही हे कोणाला माहीत असणार?

मग पट्टी अर्धी कापली. १२ व्होल्टच्या पट्टीवर दर तीन दिव्यांनी कापायची खूण असते, मीटरला ६० दिवे असले तर दर ५ सेंटीमीटरला. तिथेच कापायचं, मधे कापलं तर तो तुकडा मेला. अडीच मीटरचे झाले ३६ वॉट. त्याला ४ अँपिअरचा अडॅप्टर लावला, लुकलुक थांबली. खोक्याचं झाकण दुधी होतं, तेच पृष्ठभाग म्हणून ठेवलं. मंद-प्रखर करायला पट्टीसोबत आलेला छोटा रिमोट होताच. झालं, दिलं नेऊन. सोबत पारदर्शक काचमणी, रंगीत कागद, प्लास्टिकचे ठोकळे, चकत्या, चुंबकी फरशा असं पिशवीभर सामान.

पहिल्या दिवशी दोघांनी अख्खी पिशवी त्यावर उपडी केली. सात-आठ मिनिटं धुमाकूळ झाला, मग भाचा ठोकळे घेऊन दुसरीकडे गेला. भाची चकत्या जमिनीवर फेकून त्या घरंगळताना बघत बसली. उजेडाचा आणि त्या खेळाचा काही संबंध नव्हता. मला ते तेव्हा दिसलं नाही. बहिणीला दिसलं होतं, पण मामाचं मन मोडायला नको म्हणून ती गप्प राहिली.

पलंगाखालून बाहेर

फोननंतर खोका परत आणला आणि सगळ्यात आधी एक गोष्ट केली, जी पहिल्या दिवशीच करायला हवी होती. खोलीत पडदे ओढले, खोका जमिनीवर ठेवला, लावला, आणि भाचीचं डोकं जिथे येतं तिथे माझं डोकं नेलं. पृष्ठभागापासून साधारण एक वीत.

तीस सेकंदांत नजर काढून घ्यावीशी वाटली. झाकण दुधी दिसत असलं तरी ते उजेड पुरेसा विखरत नव्हतं. खालचा एकेक दिवा टाचणीच्या डोक्यासारखा वेगळा दिसत होता, मला ओळीत मोजता येत होते. शिवाय झाकणाला मजबुतीसाठी पाडलेल्या शिरा सावलीच्या पट्ट्या बनून मधेमधे आडव्या येत होत्या. मी उभा राहून वरून बघितलं होतं तेव्हा यातलं काही जाणवलं नव्हतं. दिवे मोजता येत असतील तर मूल टेबलाकडे बघत नसतं, दिव्यांकडे बघत असतं. माझ्यापुरती ही कसोटी मी पक्की करून टाकली आहे.

फोनमधल्या लक्स (एखाद्या जागी किती उजेड पडतो त्याचं माप) मोजायच्या अ‍ॅपवर तिथे आकडा दोन हजारांच्या पुढे गेला. फोनचं मोजमाप काही प्रयोगशाळेचं नसतं, पण अंदाजाला पुरतं.

आता झोपेचं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या (बोल्डर) संशोधकांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यासाठी नेमका आहे, कारण त्यात मुलांना उजेड दिला होता तो लाइट टेबलावरच. ३ ते ५ वर्षांची १० मुलं, त्यांचीच घरं, दिवसभर अंधूक ठेवलेल्या खोल्या, आणि झोपेच्या आधी तासभर सुमारे १,००० लक्सच्या टेबलावर खेळ. झोपेची वेळ शरीराला कळवणारं मेलाटोनिन त्या तासात सुमारे ८८ टक्क्यांनी घटलं, आणि टेबल बंद केल्यावर ५० मिनिटांनीही बहुतेकांमध्ये सावरलं नव्हतं. दहाच मुलं, तीही आधी अंधारात ठेवलेली, म्हणून आकडा जसाच्या तसा कोणाच्या घराला लावू नये. पण लहान मुलांची बाहुली मोठी असते, डोळ्यातलं भिंग स्वच्छ असतं, आत शिरणारा उजेड आपल्यापेक्षा जास्त असतो. माझा खोका त्या टेबलापेक्षा प्रखर होता आणि बहीण तो लावायची संध्याकाळी साडेसातनंतर, स्वयंपाकाच्या वेळी, "तेवढीच पोरं एका जागी बसतात" म्हणून. साडेदहापर्यंतच्या जागरणाला मी दुसरं कारण शोधत बसलो नाही.

रिमोट

खोका उघडण्याआधी रिमोट हातात आला म्हणून सहज मागची बाजू बघितली. सेलची पेटी नख लावून ओढली की बाहेर. स्क्रू नाही, कळ नाही. आत सीआर २०२५ चा चपटा सेल: २० मिलिमीटर व्यास, अडीच मिलिमीटर जाडी, चकचकीत.

धंद्यात रोज हाताळतो तरी त्या क्षणी पोटात गोळा आला. हा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर ओल्या अस्तरातून वीज वाहायला लागते, ऋण टोकापाशी तीव्र अल्कली तयार होतो आणि तो ऊती जाळतो. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. सेल फुटायची किंवा गळायची गरजच नसते. असं झाल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठायचा असतो. आणि मी हा रिमोट नऊ दिवस टेबलाशेजारी, त्याच रंगाच्या, त्याच आकाराच्या चकत्यांच्या पिशवीत ठेवला होता.

रिमोट गेला. त्याच्या जागी वायरीवर बसणारा गोल खुंटीचा डिमर घातला. असे डिमर दिवा प्रत्यक्षात मंद करत नाहीत, अतिवेगाने चालू-बंद करतात. हा वेग फार कमी असलेले डिमर डोळ्यांना शीण आणतात. घरच्या घरी ओळखायचं तर फोनचा कॅमेरा टेबलावर धरायचा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर डिमर बदलावा. मी पहिला परत केला, दुसरा ठेवला.

दुसरा खोका

तळातली पट्टी पूर्ण उपटली. खोक्याचा आतला भाग भरतो ५६ बाय ३६, म्हणजे घेर १८४ सेंटीमीटर. या वेळी मीटरला ४.८ वॉटची, कमी ताकदीची, सिलिकॉनचं आवरण असलेली पट्टी घेतली आणि १८० सेंटीमीटर कापून तळाला न लावता चारही भिंतींना आतून चिकटवली, तोंड एकमेकांकडे करून. तळाला आणि भिंतींना मॅट पांढरा जाड कागद. आता एकही दिवा वर बघत नाही. उजेड कागदावर आपटतो, उधळतो आणि मग वर येतो. एकूण ८.६ वॉट. गंमत म्हणजे पहिल्या रात्री धापा टाकणारा तोच २ अँपिअरचा अडॅप्टर आता तासभर चालूनही जेमतेम कोमट होतो.

रंगही बदलला. आधीचे दिवे ६,५०० केल्विनचे, निळसर पांढरे होते. आता ४,००० चे घेतले. त्याहून पिवळट घेतले असते तर डोळ्यांना आणखी सौम्य वाटलं असतं, पण मग निळ्या रंगाचे तुकडे मळकट दिसतात. इथे मला तडजोड करावी लागली.

झाकण काढून ५ मिलिमीटर जाडीची दुधी अ‍ॅक्रिलिक शीट बसवली. दुकानदार ३ मिलिमीटर पुरेल म्हणत होता. नुसत्या उजेडाला ती पुरली असती, पण सहा वर्षांचा मुलगा टेबलावर गुडघा टेकवतोच. काच वापरायचा प्रश्नच नव्हता. शीटचे काठ बारीक पॉलिश पेपरने बोट फिरवल्यावर टोचणार नाहीत इतके घासले. एक सांगून ठेवतो: अ‍ॅक्रिलिक कधी स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसू नका, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं बस आहे. ज्यांना दुधी शीट मिळत नाही त्यांनी पारदर्शक शीटच्या खाली ट्रेसिंग पेपरचे दोन थर लावले तरी काम भागतं, फक्त ओल लागली की कागद लहरतो.

वायरीचं थोडक्यात. घरातली मुख्य वीज खोक्याच्या जवळपासही येत नाही. अडॅप्टर कपाटामागच्या सॉकेटला, आणि खोक्यात शिरते ती फक्त १२ व्होल्टची बारीक वायर, भोकाला ग्रोमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून रबरी कडं, आणि आतून गाठ, म्हणजे कोणी ओढली तरी ताण जोडावर येणार नाही. पाण्याचा खेळ असेल तर तो वर ठेवलेल्या उथळ पारदर्शक ट्रेमध्येच.

एवढं सगळं करून डिमर एक तृतीयांशावर आणला तेव्हा एका वितीवर आकडा दीडशे लक्सच्या आसपास आला. मी दहा मिनिटं बघत बसलो, कंटाळा आला पण डोळे दुखले नाहीत.

पिशवी रिकामी

या वेळी टेबलासोबत तीन कागद नेले. सायन (आकाशी), मॅजेंटा (गडद गुलाबी) आणि पिवळा, पारदर्शक प्लास्टिकचे, वहीच्या पानाच्या निम्मे. दुसरं काही नाही.

आधीच्या पिशवीत लाल, हिरवे, निळे असे कागद होते आणि ते एकमेकांवर ठेवले की नुसता काळा-तपकिरी चिखल दिसायचा. त्याला कारण आहे. रंगीत कागद उजेडात रंग मिसळत नाही, तो उजेडातला काही भाग अडवतो. लाल कागद हिरवा आणि निळा दोन्ही अडवतो, हिरवा कागद लाल आणि निळा अडवतो. दोघं एकावर एक आले की जायला वाटच उरत नाही. सायन मात्र फक्त लाल अडवतो आणि पिवळा फक्त निळा. दोघांतून हिरवा सुटून येतो. छपाईवाले हेच रंग वापरतात ते उगीच नाही.

भाचीने पिवळा टेबलाच्या मधोमध ठेवला. सायनचा कागद हातात धरून ती खोलीभर त्यातून बघत फिरली, मग तो पिवळ्याच्या कडेवर थोडासा टेकवला. चिंचोळी हिरवी पट्टी उमटली. तिने कागद उचलला, पट्टी गेली. टेकवला, आली. उचलला. चेहऱ्यावर हसू वगैरे काही नव्हतं, कुलूप उघडणाऱ्या माणसाचा असतो तसा भाव होता. मग कागद इंचाइंचाने पुढे सरकवत तिने पट्टी रुंद करत नेली आणि अंगठा त्या हिरव्यावर दाबून धरला.

"मामा, हे इथेच होतं."

मी म्हटलं, "कुठे?"

"पिवळ्याच्या आत."

ते खरंही आहे. पिवळ्यातून येणाऱ्या उजेडात हिरवा असतोच. मी काही समजावत बसलो नाही.

एक अडचण तिथेच कळली. गुळगुळीत शीटवर गुळगुळीत कागद चिकटून बसतो आणि साडेतीन वर्षांच्या नखाला कड उचलता येत नाही. दोनदा प्रयत्न करून ती रडकुंडीला आली. प्रत्येक कागदाच्या एका कोपऱ्याला कापडी चिकटपट्टीची छोटी जीभ लावून दिली, दोन मिनिटांचं काम. या खेळात मी केलेलं सगळ्यात उपयोगी काम बहुधा तेच.

ती पस्तीस मिनिटं बसली. तीन कागदांवर.

पुढच्या आठवड्यांत सामान बदलत गेलं, पण एका वेळी एकच जात. वाळलेली पानं फार चालली. ताज्या पानापेक्षा अर्धवट वाळलेल्या पानाच्या शिरा उजेडावर जास्त स्पष्ट दिसतात. धुऊन वाळवलेल्या वाळूचा पातळ थर पारदर्शक ट्रेमध्ये पसरला की बोट फिरेल तिथे उजेडाची रेघ उमटते आणि ट्रे हलवला की पुसते. किल्ली, कंगवा, चमचा यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या बघून वस्तू ओळखायचा खेळ भाच्याने काढला. एरवी त्याला टेबलात रस नव्हता. त्याला ते चित्र गिरवायला हवं होतं, आणि त्यासाठी उजेड थोडा वाढवावा लागतो. मुळात टेबल जन्मलं त्याच कामासाठी, तेव्हा तक्रार कसली?

बहिणीच्या मैत्रिणीने पाण्यात फुगणारे रंगीत जेलीमणी दिले होते. उजेडावर ते खरंच सुंदर दिसतात. मी ते घेऊन आलो ते परत दिले नाहीत. कोरडा असताना मोहरीएवढा असलेला हा मणी पाणी शोषून कितीतरी पट फुगतो, पोटात गेला तर आतड्यातही फुगतो, आणि एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही. चुंबकी फरशाही काढल्या, कारण एकीचा कोपरा उकललेला होता आणि आतलं चुंबक हलत होतं. दोन चुंबकं गिळली तर ती आतड्याच्या दोन पदरांना मधे धरून चिमटतात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तू तपासायला अमेरिकेत जी नळी वापरतात तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. तीत पूर्ण बसेल ती वस्तू बाद. भाची तीनच्या पुढे गेली आहे, पण अजून सगळं तोंडात घालते, म्हणून काचमणीही गेले. पिशवीतलं निम्म्याहून जास्त सामान अशा तऱ्हेने माझ्याच घरी परत आलं.

वेळ बहिणीने बदलली: सकाळी न्याहारीनंतर, किंवा दुपारी पडदे अर्धे ओढून. संध्याकाळी सहानंतर खोका बंद. पूर्ण काळोख करायचा नाही, कारण काळोखात बाहुली विस्फारते आणि तोच मंद उजेड पुन्हा टोचायला लागतो. जागरण आठवड्याभरात आटोक्यात आलं. डोळे चोळणं आधीच थांबलं होतं.

आता चार महिने झाले. मागच्या रविवारी गेलो तर एका कोपऱ्यात काळोख दिसला. पट्टी तिथे फार कडक वळवली होती, ती माझीच घाई. अशा पट्टीत तीन-तीन दिवे एका साखळीत असतात, त्यातल्या एकाचा सांधा सुटला की तिन्ही जातात. पाच सेंटीमीटरचा तुकडा बदलायचा, वीस मिनिटांचं काम. मी स्क्रू-ड्रायव्हर काढला तशी भाची आडवी आली. त्या कोपऱ्यावर तिने किल्ली, कंगवा आणि दोन पानं नीट ओळीने ठेवली होती.

"तिकडे नको उघडू," ती म्हणाली. "ते झोपलेत."

तुकडा अजून खिशातच आहे.